स्वस्त गिटारीची घरगुती डागडुजी

घरांतली वस्तु बिघडली म्हणजे आपण सहसा दोष वस्तूलाच देतों. खुर्ची मोडली तर बसणाऱ्याला बसतां येत नाहीं, असें कोणी म्हणत नाहीं. घड्याळ मागें पडलें तर पाहणाऱ्याची दृष्टि अधू आहे, असा तर्क कोणी करीत नाहीं. वाद्याच्या बाबतींत मात्र हा न्याय उलटा चालतो. वाद्य सदोष असतें आणि दोष वाजविणाऱ्याच्या माथीं येतो. बोटें दुखूं लागलीं, सूर जुळेना, तार खरखरूं लागली, कीं चार-सहा आठवड्यांत घरांतलीं वडील माणसें निकाल देऊन मोकळीं होतात : "ह्याच्या अंगांत संगीत नाहीं." ह्या निकालावर अपील नसतें. वाद्य माळ्यावर जातें आणि मूल जन्मभर तोच निकाल स्वतःविषयीं खरा मानून चालतें.

आज गिटारीच्या डागडुजीविषयीं लिहावयाचें योजिलें, तें ह्याच कारणासाठीं. सतारीची किंवा पेटीची ओळख आपल्या घरांना पिढ्यान्‌पिढ्या आहे. त्यांत बिघाड झाला तर निदान विचारावें कोणास हें ठाऊक असतें. गिटार नवी. ती मुलाच्या वाढदिवसास येते, आणि तिच्या पोटांत काय आहे हें घरांत कोणासच ठाऊक नसतें. कांहीं वडीलधाऱ्यांना ती परकी वाटते. त्यांस आम्ही एवढेंच विनवितों कीं, पेटीहि परदेशांतूनच आली आणि कीर्तनांत व नाटकांत अशी रमली कीं आज तिला परकी म्हणवत नाहीं. नारदीय शिक्षेंत वीणेचे दोन प्रकार सांगितले आहेत : एक गात्रवीणा, म्हणजे मनुष्याचें शरीर, आणि दुसरी दारवी, म्हणजे लांकडाची. लांकडाची दांडी, पोकळ पोट आणि ताणलेल्या तारा एवढेंच लक्षण धरलें तर गिटार ही दारवी वीणेचीच लांबची भाची ठरते. तिची सेवा करण्यांत कमीपणा कसला?

आमचा पडघा मुंबई-नाशिक रस्त्यावर, भिवंडी तालुक्यांत आहे. ज्या तालुक्याचें नांव एके काळीं केवळ मागांवरून घेतलें जाई, तेथें आतां मोठमोठीं गोदामें उभीं आहेत, आणि घरबसल्या मागविलेल्या अनेक वस्तु ह्याच गोदामांतून देशभर जातात. त्यांत तीन-चार हजार रुपयांच्या गिटारीहि असतात. पुठ्ठ्याच्या खोक्यांत घालून ती दारांत येते. कारखान्यांत ती जुळविलेली असते खरी. पण चांगला कारागीर शेवटीं जो तासभर हात फिरवितो, तो स्वस्त वाद्याच्या वांट्यास आलेला नसतो. तेवढ्यामुळेंच ती स्वस्त असते. बहुतेक वेळां लांकूड वाईट नसतें. शेवटचा हात फिरलेला नसतो. तो हात घरीं फिरवितां येतो, हें आमचें म्हणणें आहे.

आरंभीं नांवें ठरवून घेऊं. तंबोऱ्याची ओळख असलेल्यांना तीं सोपीं जातील. वरच्या टोंकास खुंट्या. त्यांच्या खालीं तारांना टेका देणारी खांचांची पट्टी, तो मेरु. मग दांडी, आणि दांडीवर पितळेसारख्या धातूचे पडदे. पुढें पोकळ पोट, आणि पोटावरची पातळ फळी ती तबली. तबलीवर चिकटविलेली घोडी, आणि घोडीच्या खांचेंत बसविलेली हाडाची किंवा प्लास्टिकची उभी पट्टी, जिच्यावरून तारा जातात. घोडीची पट्टी आणि मेरु ह्या दोन टेकणांच्या मध्यें जी तार राहते तीच वाजते. सारी डागडुजी ह्या दोन टेकणांच्या आणि पडद्यांच्या उंचीची आहे. बाकी सर्व गौण.

ह्या विद्येचें आपल्याकडील माहेर म्हणजे मिरज. तेथील सतारीच्या व तंबोऱ्याच्या धंद्याचा आरंभ इसवी सन १८५० च्या सुमाराचा मानतात. परंपरा अशी सांगते कीं, फरीदसाहेब हे मूळचे शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार व झिलई देणाऱ्या घराण्यांतले. हत्यारांचें काम कमी झालें तेव्हां त्यांचा हात वाद्यांच्या दुरुस्तीकडे वळला, आणि दुरुस्ती करतां करतां तीं घडविण्याची विद्या साध्य झाली. ह्यांतलें मर्म लक्षांत घेण्याजोगें आहे : आधीं दुरुस्ती, मग निर्मिति. २०२४ सालीं मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळालें. मिरजेसच ज्यांचें वास्तव्य होतें ते खांसाहेब अब्दुल करीम खां (मृत्यु १९३७) गायक म्हणून सर्वांस ठाऊक आहेत. पण तंबोऱ्याची जवारी काढण्याचें व वाद्यें दुरुस्त करण्याचें कसबहि त्यांच्या हातीं होतें. एवढ्या मोठ्या गवयास कानस हातीं धरण्याचा कमीपणा वाटला नाहीं.

दुसरें उदाहरण परदेशचें. आजच्या गिटारीचा आकार व मान ज्यानें बहुतांशीं ठरवून दिलें, तो स्पेनचा कारागीर आंतोनियो दे तोरेस (१८१७-१८९२). त्यानें १८६२ सालीं एक गिटार अशी केली कीं, तिची तबली तेवढी चांगल्या लांकडाची, आणि पाठ व बाजू चक्क कागदी पुठ्ठ्याच्या! वाद्याचा आवाज मुख्यतः तबलींत असतो हें त्यास दाखवावयाचें होतें. ती गिटार बार्सिलोना येथील संगीत-संग्रहालयांत जपून ठेविलेली आहे. स्वस्त गिटारीची पाठ प्लायवुडची आहे म्हणून नाक मुरडणाऱ्यांनीं हें ध्यानांत ठेवावें.

आतां कामास लागूं. साधनें बहुतेक घरांतच सांपडतील : मुलाच्या कंपास-पेटींतील पोलादी पट्टी व मऊ शिशाची पेन्सिल, शिवणयंत्राचें तेल, खाण्याचा सोडा, आगकाड्या, फेव्हिकॉल, लगेच चिकटणाऱ्या डिंकाची पांच-दहा रुपयांची नळी, दोन-तीन प्रकारचा पॉलिश-पेपर, आणि छोटा स्क्रू-ड्रायव्हर.

खोकें उघडल्याबरोबर, परत करण्याची मुदत संपण्याआधीं, एक माप घ्यावें. मेरूपासून बाराव्या पडद्यापर्यंतचें अंतर मोजा, आणि बाराव्या पडद्यापासून घोडीच्या पट्टीपर्यंतचें मोजा. बारावा पडदा म्हणजे तारेचा मध्य. तेथें दाबलेल्या तारेंतून बरोबर वरच्या सप्तकांतला तोच स्वर यावयास पाहिजे. पण तार दाबतांना थोडी ताणली जाते व स्वर चढतो, म्हणून दुसरें अंतर पहिल्याहून दोन-तीन मिलिमीटर जास्त ठेवितात. तें जर पहिल्याहून कमी भरलें, तर घोडी चुकीच्या जागीं चिकटविली आहे, असें समजावें. ती गिटार कोणाच्याहि हातून सुरांत वाजणार नाहीं. ती दुरुस्त करीत बसूं नये. सरळ परत करावी. ह्या एका मापानें पुष्कळ पैसे व त्याहून पुष्कळ अश्रु वांचतील.

माप बरोबर निघालें तर पहिलें काम तारांचें. स्वस्त गिटारीवर आलेल्या तारा बहुधा जुन्या, गंजलेल्या असतात. नव्या तारांचा संच दोनशे ते पांचशे रुपयांत मिळतो आणि दुसऱ्या कोणत्याहि खर्चापेक्षां अधिक फळ देतो. येथें एक धोका सांगून ठेवितों. गिटारी दोन जातींच्या असतात : पोलादी तारांच्या आणि नायलॉनच्या तारांच्या. पोलादाच्या सहा तारा मिळून सुमारें सत्तर किलोंचा ताण दांडीवर व घोडीवर देतात. नायलॉनच्या त्याच्या निम्म्याच्या आसपास. नायलॉनच्या गिटारीवर आवाज मोठा व्हावा म्हणून पोलादी तारा चढविल्या, तर कांहीं महिन्यांत दांडी वांकते किंवा घोडी तबलीसकट उपटून येते. हा प्रयोग मुळींच करूं नये. नवी तार खुंटीवर दोन-तीन वेढे घेऊन गुंडाळावी, सुरांत आणावी, बोटांनीं हलकेच वर ओढावी, आणि पुन्हां सुरांत आणावी. असें चार-पांच वेळां केलें म्हणजे ती स्थिर होते. एवढें न करतां "खुंट्या सुटतात" अशी तक्रार करण्यांत अर्थ नाहीं. जाड तारेपासून बारीक तारेपर्यंत सहा स्वरांचीं आंदोलनें दर सेकंदास सुमारें ८२.४, ११०, १४६.८, १९६, २४६.९ व ३२९.६ अशीं असतात. तीं दाखविणारीं साधनें मोबाइलवर फुकट मिळतात. कान तयार होईपर्यंत त्यांचा आधार घेण्यास हरकत नाहीं.

दुसरें काम खुंट्यांचें. तंबोऱ्याची लांकडी खुंटी सुटूं लागली तर आपण तिला खडूची भुकटी लावतों. गिटारीच्या खुंटीस दांतेरी चाक व मळसूत्र असतें, तेथें खडूचें काम नाहीं. तेथें पिळण्याच्या कडीच्या टोंकास असलेला बारीक स्क्रू किंचित् आंवळावा, आणि चाकावर शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब सुईच्या टोंकानें सोडावा. खुंटीचा सांचा लांकडास ज्या स्क्रूंनीं बसविलेला असतो, त्यांची भोंकें सैल झालीं असतील तर आगकाडीचें गूल मोडून टाकून ती काडी फेव्हिकॉलमध्यें बुडवून भोंकांत बसवावी, बाहेरचा भाग कापावा, आणि वाळल्यावर तोच स्क्रू पुन्हां पिळावा. सुतार बिजागऱ्यांसाठीं हेंच करितात.

तिसरें काम दांडीच्या बांकाचें. तारांच्या ताणानें दांडी किंचित् पुढें वांकते, आणि थोडी वांकलेली पाहिजेहि. कारण वाजणारी तार मध्यें अधिक झुलते व तिला जागा लागते. जाड तार पहिल्या पडद्यावर व दांडी जेथें पोटास मिळते त्या पडद्यावर एकाच वेळीं दाबावी, आणि सातव्या पडद्याच्या माथ्यावर किती फट दिसते तें पाहावें. साध्या पोस्टकार्डाच्या जाडीएवढी फट असावी. जास्त असेल तर दांडी फार वांकली आहे. मुळींच नसेल तर ती उलटी वांकली आहे. बहुतेक पोलादी तारांच्या गिटारींत दांडीच्या आंत एक लोखंडी सळई असते व तिचें तोंड खुंट्यांजवळ किंवा पोटाच्या भोंकाच्या आंत असतें. खोक्यांत आलेली षट्कोनी किल्ली ह्याचसाठीं असते. ती गमावूं नये. घड्याळाच्या कांट्याच्या दिशेनें पाव फेरा पिळला म्हणजे बांक कमी होतो, उलट पिळला म्हणजे वाढतो. एका वेळीं पाव फेऱ्याहून अधिक पिळूं नये. तारा सुरांत आणून पुन्हां पाहावें. सळई हलेनाशी झाली तर बळ करूं नये. स्वस्त नायलॉनच्या गिटारींत बहुधा सळई नसतेच. तेथें हें काम वगळावें.

चौथें काम मेरूचें. तार तिसऱ्या पडद्यावर दाबावी आणि पहिल्या पडद्याच्या माथ्यावर किती अंतर राहतें तें पाहावें. वहीच्या कागदाएवढें अंतर पुरे. त्याहून पुष्कळ जास्त असेल तर मेरूच्या खांचा उथळ आहेत, आणि नवशिक्याचीं बोटें जी दुखतात तीं मुख्यतः ह्याच जागीं. कारण आरंभींचे सर्व पाठ पहिल्या तीन पडद्यांत असतात. खांच खोल करण्यास मोलाच्या कानशी मिळतात, पण जाड तारेच्या खांचेसाठीं त्याच तारेचा जुना, गुंडाळी असलेला तुकडा कानशीसारखा घासला तरी चालतो; बारीक तारांसाठीं दुमडलेल्या पॉलिश-पेपरची कड. दोन-चार वेळां घासावें, तार चढवून पाहावें, पुन्हां घासावें. उतावळेपणानें खांच फार खोल गेली व तार मोकळी वाजवितांना खरखरूं लागली, तर तिचाहि उपाय स्वयंपाकघरांत आहे. खांचेंत चिमूटभर खाण्याचा सोडा दाबून भरावा व त्यावर लगेच चिकटणाऱ्या डिंकाचा एकच थेंब सोडावा. सोडा त्या डिंकास क्षणांत घट्ट करितो. दगडासारखी पूड तयार होते व तींत नवी खांच पाडतां येते. ह्या वेळीं वाफ निघते व ऊब येते. म्हणून खिडकी उघडी ठेवावी, डोळ्यांवर चष्मा असावा, आणि लहान मुलांस दूर ठेवावें. शेवटीं प्रत्येक खांचेंत पेन्सिलीचें टोंक फिरवावें. शिसपेन्सिलीच्या काळ्या भुकटीवर तार सहज सरकते आणि सुरांत आणतांना "टण्‌" करून उडी मारीत नाहीं.

पांचवें काम घोडीच्या पट्टीचें, आणि सर्वांत लाभदायक. बाराव्या पडद्याच्या माथ्यापासून तारेच्या तळापर्यंतची उंची पोलादी पट्टीनें मोजावी. पोलादी तारांच्या गिटारींत जाड तारेखालीं सुमारें अडीच मिलिमीटर व बारीक तारेखालीं दोन असावी. नायलॉनच्या गिटारींत अनुक्रमें चार व तीन. जास्त असेल तर तारा ढिल्या करून पट्टी उपसून काढावी व तळाकडून घासावी, माथ्याकडून नव्हे. येथें भूमितीचा एक साधा नियम आहे : बारावा पडदा तारेच्या मध्यावर असल्यामुळें पट्टी जितकी कमी कराल त्याच्या निम्मीच उंची तेथें कमी होते. म्हणजे एक मिलिमीटर उतरवावयाचा असेल तर पट्टी दोन मिलिमीटर घासावी लागेल. पेन्सिलीनें रेघ ओढावी, सपाट कडाप्प्यावर पॉलिश-पेपर ठेवावा, आणि पट्टी अगदीं उभी धरून सारख्या हातानें घासावी. तळ तिरका झाला तर आवाज मरतो. अधिक घासली गेली तर पत्त्याच्या जुन्या पानाची पट्टी कापून खालीं घालावी; काम चालतें. ह्या कामास तरुणाच्या बळापेक्षां काकूंचा भरतकामांतला सराईत हात अधिक उपयोगी पडतो, असा आमचा अनुभव आहे.

तरीहि तार खरखरतच असेल तर कानानें निदान करावें. येथें एक मौज आहे. तंबोऱ्यांत आपण घोडीवर तारेखालीं सुताचा धागा घालून मुद्दाम झणकार उत्पन्न करितों व त्याला जवारी म्हणतों. तो तंबोऱ्याचा प्राण आहे. गिटारींत तोच झणकार दोष समजला जातो. कारण दोन्हींकडे एकच : तार कशास तरी निसटता स्पर्श करीत आहे. मोकळी तार तेवढीच खरखरत असेल तर मेरूची खांच खोल. एकाच पडद्यावर खरखरत असेल तर त्याच्या पुढचा पडदा वर आलेला. सर्वत्र खरखरत असेल तर दांडी फार सरळ किंवा उलटी वांकलेली. वर आलेला पडदा शोधण्यास पोलादी पट्टीची सरळ कड तीन पडद्यांवर ठेवावी. ती डुगडुगली तर मधला पडदा उंच. त्यावर लांकडाचा तुकडा ठेवून हलक्या हातोडीनें दोन टोले द्यावे. पुष्कळदां तो खालीं बसतो. पडद्यांचीं टोंकें हातास बोचत असतील तर दांडीच्या लांकडावर चिकटपट्टी लावून बारीक कानशीनें व मग पॉलिश-पेपरनें तीं गोल करावीं. खरखर कोठूनच सांपडत नसेल तर तबलीवर बोटाच्या पेरानें ठकठक करावें. आंतली एखादी आधाराची काठी सुटलेली असली तर त्या जागीं फुटका आवाज येतो. आरसा व विजेरी घेऊन पाहावें, बोटानें फेव्हिकॉल सारावा, आणि चोवीस तास दाबून ठेवावें.

आतां पावसाळा. आमच्याकडे वर्षाला दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि आषाढ-श्रावणांत घरांतील हवा पाण्यानें जड झालेली असते. गिटारीस मानवणारी आर्द्रता शेंकडा ४५ ते ५५. आषाढांत लांकूड फुगतें, तबली वर येते, तारा उंच होतात. पौषांत तेंच लांकूड आकसतें, तारा खालीं येतात व पडद्यांचीं टोंकें बाहेर डोकावतात. म्हणून पट्टी घासण्याचें काम भर पावसांत करूं नये. कार्तिकाच्या सुमारास करावें. ओल्या भिंतीस गिटार टेकवूं नये. पिशवींत ठेवावी व औषधांच्या डब्यांतून येणाऱ्या सिलिका-जेलच्या पुड्या तींत टाकाव्या. आणि वैशाखांत पत्र्याखालच्या माळ्यावर तर ती कधींच ठेवूं नये. उष्णतेनें डिंक मऊ होतो आणि ताणानें घोडी उचटते.

घोडी उचटली आहे कीं काय हें पाहण्यास तिच्या मागच्या कडेखालीं कागद सरकवावा. तो तीन-चार मिलिमीटर आंत गेला तर तारा लगेच ढिल्या कराव्या आणि तें काम जाणत्या कारागिराकडे न्यावें. दांडी पोटापासून सुटणें, खुंट्यांचें डोकें मोडणें, तबली खचणें, हीहि घरचीं कामें नव्हेत. कारागिराचा खर्च वाद्याच्या किंमतीच्या निम्म्याहून अधिक सांगितला गेला, तर त्या गिटारीस निरोप द्यावा; तिच्या खुंट्या व पट्टी काढून ठेवाव्या, त्या दुसरीस उपयोगी पडतात. जीर्णोद्धाराचीहि मर्यादा असते.

हें सर्व कशासाठीं, तें एका उदाहरणानें सांगतों. गेल्या वर्षीं पडघ्यांतीलच एका एकत्र कुटुंबांतली इयत्ता आठवीची नात शिकवणी सोडण्याच्या बेतांत होती. शिकविणाऱ्यांनीं बोटांत जोर नाहीं असें सांगितलें होतें. आजी म्हणत होती, पोरीचीं बोटें सोलून निघतात, पुरे झालें. आणि वडील भाऊ, ज्याची ती जुनी गिटार, "माझ्याकडूनहि झालें नाहीं, हिच्याकडून काय होणार" असें म्हणत होता. आम्हीं पोलादी पट्टी लावली. बाराव्या पडद्यावर जाड तार ४ मिलिमीटर उंच होती. सळई दोनदां पाव-पाव फेरा पिळल्यावर ती साडेतीन झाली. घोडीची पट्टी दोन मिलिमीटर घासल्यावर अडीच झाली. मेरूच्या तीन खांचा खोल केल्या, नव्या तारा चढविल्या. दोन संध्याकाळचें काम आणि साडेतीनशे रुपये. मुलगी वाजवूं लागली. ती पुढें मोठी वादक होईल कीं नाहीं, हें आम्ही सांगत नाहीं. तें तिच्या अभ्यासावर आहे. पण तिचा भाऊ त्या गिटारीवर हात फिरवून बराच वेळ गप्प बसला होता. त्यानें पांच वर्षांपूर्वीं जो निकाल स्वतःवर लावून घेतला, तो बोटांचा नव्हता. दीड मिलिमीटरांचा होता.

म्हणून आमची प्रत्येक घरास विनंति आहे. माळ्यावर एखादी गिटार, सतार किंवा व्हायोलिन पडून असेल, तर येत्या रविवारीं ती खालीं काढावी. आजोबांनीं माप घ्यावें, काकूंनीं पट्टी घासावी, नातवानें मोबाइलवर सूर पाहावा. पांचशे रुपयांच्या आंतबाहेर खर्च येईल. वाद्य सुधारलें तर उत्तमच. न सुधारलें तरी एक गोष्ट निश्चित होईल कीं दोष कोणाचा होता. मुलाला "तुला येत नाहीं" असें सांगण्यापूर्वीं एवढी चौकशी करणें हें वडीलपणाचें पहिलें कर्तव्य होय.

पुढील अंकीं बाजाच्या पेटीचा भाता व त्याला लागणारे उंदीर ह्यांविषयीं लिहूं.